आईची रिंग, माझी रिंग

कासाराकडे बांगड्या भरायला गेलं की तो आधी हात दाबून बघतो आणि माप सांगतो. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. त्याच्याही खालचं दोन-दोन हे माप अगदी बारीक हातांचं, बहुतेक लहान मुलींचं. त्या बांगडीचा आतला व्यास ५४ मिलिमीटर असतो. गेली तीन वर्षं मी जी गर्भनिरोधक रिंग वापरते, तिचा बाहेरचा व्यासही ५४ मिलिमीटर आहे. म्हणजे दोन-दोनच्या बांगडीत ती जेमतेम मावेल. जाडी ४ मिलिमीटर. रंग जवळजवळ नाहीच, पातळ ताकासारखा. दोन बोटांत दाबली की लांबट होते, सोडली की पुन्हा गोल.

दाबून लांबट करायची आणि योनीत सरकवायची. तीन आठवडे ती आत राहते. मग बोट अडकवून काढायची, एक आठवडा काहीच नाही, त्यात पाळीसारखा रक्तस्राव होतो, आणि आठव्या दिवशी नवी. संपली पद्धत.

रिंग बनते एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची. चपलांचे मऊ तळवे ज्याचे बनतात, त्याच कुळातलं. त्यात दोन संप्रेरकं मिसळलेली असतात. बाहेरून त्याच प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि त्या थरातून संप्रेरकं मोजून-मापून झिरपतात: रोज साधारण १२० मायक्रोग्रॅम इटोनोजेस्ट्रेल आणि १५ मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल. ना बॅटरी, ना यंत्र. शरीराची ऊब आणि प्लास्टिकचा थर एवढ्यावर काम चालतं. योनीच्या भिंतीतून संप्रेरकं रक्तात जातात, अंडाशयाला गप्प बसवतात आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करतात. रिंग हे काही दार अडवणारं झाकण नाही, त्यामुळे ती आत नेमकी कुठे बसलीय याला फारसं महत्त्व नसतं. टोचत नसली की ठीक.

तंतोतंत वापरली तर वर्षभरात हजारात तीन बायकांना गर्भ राहतो. माणसं वापरतात तशी, कधी विसरत, कधी उशीर करत वापरली, तर शंभरात सात. आणि गुप्तरोगांपासून रिंग वाचवत नाही, त्याला कंडोमच लागतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे सांगणार आहे त्याला कुणी जाहिरात समजणार नाही.

*

मी कराडची. लग्नानंतर नेदरलँड्समधल्या नायमेगनला आले. इथे कुठल्याही दुखण्याची सुरुवात हाउसआर्ट्सपासून होते, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर. आधी मी गोळ्या घ्यायचे. रोज संध्याकाळी पावणेसहाला मोबाइलचा अलार्म वाजायचा, आणि नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल चालू असायचा, कारण तिकडे जेवणं आटपून ती मोकळी झालेली असायची. "कसला गं अलार्म?" "मीटिंगचा." आठवड्यातून तीनदा मीटिंगचा अलार्म आणि मीटिंग कधीच नाही. आई काही बोलायची नाही.

डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, रोज लक्षात ठेवावं लागणार नाही असं काहीतरी द्या. त्यांनी रक्तदाब मोजला. सिगारेट ओढतेस का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का, सगळं विचारलं. मग ड्रॉवरमधून एक रिंग काढून माझ्या हातावर ठेवली आणि तिथल्या तिथे, स्वयंपाकाची कृती सांगावी तशा आवाजात, ती कशी घालायची ते सांगू लागल्या. एक पाय स्टुलावर ठेवून, नाहीतर उकिडवं बसून, नाहीतर आडवं पडून. बोट किती आत न्यायचं. काय हाताला लागेल. गर्भाशयाचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, घाबरू नकोस.

मी तिशीला टेकले होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलेलं, आकृती काढून भागांना नावं दिलेली. पण त्या जागेला स्वतःचा हात लावायचा, तोही आंघोळीपुरता वरवर नाही तर आत, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. 'लावू नकोस' असंही कुणी स्पष्ट म्हटलं नव्हतं. ते न सांगताच कळलेलं असतं.

मी एकच प्रश्न विचारला, "आत हरवली तर?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठे जाईल? वरून ती पिशवी बंद आहे. गर्भाशयाच्या तोंडाचं छिद्र इतकं बारीक असतं की रिंग त्यातून जाऊच शकत नाही. पोटात, छातीत कुठेही जात नाही. बोटाला लागली नाही तर माझ्याकडे ये, मी काढते."

घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून मी ती घातली. पहिल्या वेळी दहा मिनिटं लागली. आता दात घासण्याइतकाही वेळ लागत नाही. एकदा शौचाला बसल्यावर ती बाहेर आली. थंड पाण्याने धुतली (गरम पाणी चालत नाही) आणि परत घातली. तीन तासांच्या आत घातली तर बिघडत नाही. त्याहून उशीर झाला तर सात दिवस कंडोम.

*

डच भाषेत योनीला 'स्खेडे' म्हणतात. अर्थ म्यान. लॅटिनमध्येही वजायना म्हणजे म्यानच, तलवार ठेवायची. शब्द घडवताना कुणाच्या बाजूने पाहिलं गेलं ते लगेच कळतं.

आपला शब्द त्यामानाने किती मोठा आहे. योनी म्हणजे उगम, जन्माचं ठिकाण. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मनुष्यजन्म मिळतो हे कीर्तनात माइकवरून सांगितलं जातं, आणि समोर बसलेल्या माझ्या आजीला, आईला, काकूंना त्यात काही वावगं वाटत नाही. पण त्या चौऱ्याऐंशी लक्षांतली एक आपल्याजवळ आहे, असं म्हणायची वेळ आली की शब्द गायब. मग 'तिथे', 'खाली', 'लघवीची जागा'. शिवी मात्र सगळ्यांना येते, पोराटोरांनाही.

आमच्या घरातल्या बायकांकडे एक शब्द होता: अंग. अंगावरून पांढरं जातं. अंगावर जातं. अमकीचं अंग बाहेर आलंय. लहानपणी मला वाटायचं, अंग म्हणजे तर अख्खं शरीर, ते बाहेर कसं येईल? दाराआड ऐकलेली ती वाक्यं माझ्या डोक्यात तशीच पडून होती. पुढे ती उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

*

कामासाठी मी रोज नायमेगनहून डेन बॉसला ट्रेनने जाते. अर्ध्या तासाचा प्रवास. वाटेत ऑस नावाचं गाव लागतं. सपाट, शांत, मुद्दाम उतरावं असं काही नाही. बरेच महिने मी त्या स्टेशनकडे बघितलंही नव्हतं. मग एकदा रिंगसोबतचं माहितीपत्रक वाचताना कंपनीच्या पत्त्यात तेच नाव दिसलं.

ऑसला मांसाचा मोठा धंदा होता. कत्तलखान्यात जनावरांची स्वादुपिंडं निघायची. साल व्हान झ्वानेनबर्ग या मालकाने एर्न्स्ट लाक्यूर या औषधशास्त्रज्ञाला सोबत घेऊन १९२३मध्ये ऑर्गनॉन ही कंपनी काढली, त्या स्वादुपिंडांपासून इन्सुलिन बनवायला. इन्सुलिनवरून कंपनी इतर संप्रेरकांकडे वळली. १९६२मध्ये तिची गर्भनिरोधक गोळी आली आणि २००१मध्ये ही रिंग, नुव्हारिंग. मधल्या काळात जगभर बऱ्याच रिंगा करून पाहिल्या गेल्या होत्या. संप्रेरकं सिलिकॉनमधून हळूहळू झिरपतात हे १९६०च्या दशकातच कळलं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही एका रिंगवर बरीच वर्षं काम केलं होतं. दुकानापर्यंत पोचून टिकली ती ही.

या देशात याच्याही आधीची एक गोष्ट आहे. आलेत्ता याकोब्स या इथल्या पहिल्या स्त्री-डॉक्टर. १८८२ साली त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये बायकांना गर्भनिरोधाचा सल्ला द्यायला सुरुवात केली. मेन्सिंगा नावाच्या जर्मन डॉक्टरने काढलेली रबरी टोपी, पेसरी, त्या बायकांना बसवून द्यायच्या. ही टोपी त्यांच्यामुळे इतकी पसरली की इंग्रजीत तिचं नावच 'डच कॅप' पडलं. ती बाईने स्वतः घालायची, स्वतः काढायची. म्हणजे स्वतःच्या अंगात बोट घालायला शिकवण्याचं काम इथे १४० वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. माझ्या डॉक्टरीणबाईंच्या आवाजातला तो सहजपणा त्यांच्या एकटीचा नव्हता.

आपल्याकडेही हे काम उशिरा सुरू झालं असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना निघाला त्याच वर्षी. कर्व्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि त्यातल्या १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. मराठीत हे सगळं छापलं गेलंय, बोललं गेलंय, त्याच्यासाठी दंडही भरला गेलाय. तरी ते कराडच्या आमच्या घरापर्यंत पोचलं नाही. आमच्या घरापर्यंत पोचली ती तांबी.

*

तांबी म्हणजे कॉपर-टी. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोणाशेजारी लिहिलेलं असायचं, पाळणा लांबवायचा तर तांबी, थांबवायचा तर शस्त्रक्रिया. माझ्या जन्मानंतर दीड महिन्याने आईला तपासणीला नेलं आणि तिथे तिला तांबी बसवली. तिला ते घरी आल्यावर कळलं. तिचं या विषयावरचं वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलंय: "विचारलं सासूबाईंना, बसवली मला."

दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, हे तिला आठवत असलं तरी ती सांगत नाही. पाळीत खूप अंगावर जायचं. दोन वर्षांनी तिने ती काढून घेतली, भाऊ झाला, आणि त्यानंतर 'बिनटाक्याचं' ऑपरेशन. त्या वेळीही बाबांनी कधी स्वतःचा विचार केला का, असा प्रश्न घरात कुणाच्या मनात आला नसावा. आमचंच घर तसं होतं असंही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांनी स्वतः नसबंदी करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के.

तांबी वाईट नाही. स्वस्त आहे, दहा वर्षं चालते, आणि रिंगपेक्षा खात्रीची आहे. माझ्या इथल्या दोन मैत्रिणी आनंदाने वापरतात. फरक एवढाच की त्यांनी ती मागून घेतलीय.

*

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईचा फोन आला, तो व्हिडिओ नव्हता. आवाज बारीक. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते.

"अगं, अंग खाली आलंय माझं."

दाराआड ऐकलेलं वाक्य, पहिल्यांदाच समोरून, मला उद्देशून.

गर्भाशय खाली सरकलं होतं. उभं राहून भाकऱ्या केल्या की ओढ लागायची, बसताना काहीतरी मध्ये आल्यासारखं व्हायचं. हे आजचं नव्हतं, चार-पाच वर्षं ती तशीच वावरत होती. डॉक्टरांनी पिशवी काढायचा सल्ला दिला, पण तिची साखर फार वाढलेली, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं आणि तोवर आधार म्हणून रिंग बसवून दिली. रिंग पेसरी. दर तीन महिन्यांनी येऊन धुऊन घ्यायची, म्हणाले.

"काढून टाका म्हणून सांगणाराय मी त्यांना," आई म्हणाली. "आत प्लॅस्टिकचं कडं घेऊन फिरायचं म्हंजे काय? रात्री झोप न्हाई. सरकून वर पोटात गेलं म्हंजे?"

माझा तीन वर्षांपूर्वीचा प्रश्न, कऱ्हाडच्या बोलीत.

मी तिला सगळं सांगितलं. वरून पिशवी बंद असते, कुठे जात नाही. तिला पटेना. डॉक्टरीणबाईंना मी जसं लगेच मानलं तसं लेकीला कुणी मानत नाही. मी म्हटलं, आई, व्हिडिओ लाव. ती म्हणाली, कशाला. लाव तर.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एक रिंग पाकीटबंद पडली होती. औषधाच्या दुकानात ही रिंग थंडाव्यात ठेवतात. घरी आणल्यावर चार महिने साध्या कपाटात चालते, पण मला फ्रिजची सवय झालीय. मी पाकीट फाडलं आणि रिंग कॅमेऱ्यासमोर धरली. दाबून दाखवली, सोडून दाखवली.

"ही बघ. तुझी याच्याहून मोठी आणि जाड असेल. तुझ्यात औषध नाही, नुसता आधार आहे. माझ्यात औषध आहे. मी तीन वर्षं घालतेय. कुठं गेली नाही."

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. तिला दिसत होती रिंग, आणि मला दिसत होतं तिचं हिशेब करणं. तीन वर्षं.

"कसलं औषध?"

"मूल न होण्याचं."

टीव्हीचा आवाज येत होता. कुठल्यातरी मालिकेचं शीर्षकगीत.

"म्हंजे तुम्ही ठरवून...?"

"हो."

"आणि मी दीड वर्ष सोमवार धरलेत."

मला हसू आलं आणि त्याच वेळी घसा दाटला. प्रत्येक फोनच्या शेवटी ती 'बाकी काय विशेष' असं विचारायची, आणि त्या 'विशेष'मध्ये काय आहे ते आम्हा दोघींना ठाऊक असायचं. ओळखीतल्या एका डॉक्टरांचा नंबर तिने दोनदा पाठवला होता. माझ्यात काहीतरी कमी आहे या काळजीने ती उपाशी राहत होती. आणि मला सांगायचं झालं असतं तरी कुठल्या शब्दांत सांगणार होते? आमच्यामध्ये तो विषय बोलायची भाषाच नव्हती. ती त्या संध्याकाळी फ्रिजमधून निघाली.

"मग आता सोमवार सोड," मी म्हटलं. "साखरेला उपास चांगला पण नाही."

"ते बघते मी." मग जरा थांबून, "तू स्वतःच्या हातानं घालतीस?"

"हो."

"घाण न्हाई वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. आता नाही."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आणि ते काय करतात?"

ते म्हणजे माझा नवरा. जावयाचं नाव ती घेत नाही.

*

हा प्रश्न माझ्या डच मैत्रिणींनी कधी विचारला नव्हता. रिंगचं कौतुक सगळ्या करतात: रोजची कटकट नाही, पोटात गोळी नाही, प्रवासात बरं. तेही सगळं खरं आहे. पण आईने ज्या जागी बोट ठेवलं ती जागा खरी दुखरी आहे.

रिंगमधलं इस्ट्रोजेन गोळीतल्या इस्ट्रोजेनसारखंच रक्तात गुठळ्या व्हायचा धोका वाढवतं. युरोपियन औषध नियंत्रकांनी दिलेले आकडे असे आहेत: संप्रेरकं न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षभरात साधारण २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. माझ्या रिंगसारखं इटोनोजेस्ट्रेल वापरणाऱ्यांत ६ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहूनही जास्त असतो, हे खरं. तरीही ही संख्या शून्य नाही. अमेरिकेत शेकडो बायकांनी दावे लावले आणि २०१४मध्ये कंपनीने ते मिटवायला १० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या बाईला ही रिंग द्यायची नसते, आणि रक्तदाब वाढलेला असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर तिलाही नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाची ऐकून कुणी सुरू करू नये, माझीही नाही. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत दुखलं, धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठायचा, हे मला पाठ आहे.

पण नवऱ्याला पाठ नव्हतं. त्या रात्री मी त्याला आईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तो चांगला माणूस आहे. रिंग बदलायची तारीख त्याच्याही कॅलेंडरमध्ये आहे, पैसे आम्ही निम्मे-निम्मे भरतो (एकविशीच्या वरच्या बायकांना इथला मूळ आरोग्यविमा हा खर्च देत नाही). तरी तो म्हणाला, "पुरुषांसाठी तसं काही निघालंच नाहीये ना." मी म्हटलं, कंडोम निघालाय. नसबंदी निघालीय. कर्व्यांनी स्वतःची करून घेतली होती, शंभरेक वर्षांपूर्वी.

आम्ही भांडलो नाही. त्याने ते माहितीपत्रक पहिल्यांदाच पूर्ण वाचलं, पाठपोट, बारीक अक्षरांसकट. मग पायाच्या पोटरीबद्दल मला दोनदा विचारलं. आम्हाला मूल हवंय की नको हे अजून ठरलेलं नाही. हवं असेल तर रिंग काढून ठेवायची, बहुतेकींचं चक्र लवकर पूर्ववत होतं. नको ठरलं तर पुढचं ऑपरेशन त्याचं, एवढं त्या रात्री ठरलं. कागदावर नाही, तोंडीच. बघू.

*

आईने रिंग काढायला लावली नाही.

तीन महिन्यांनी ती धुवायला गेली तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, हे मला घरी करता येईल का? डॉक्टर म्हणे जरा चकित झाले. असं कुणी विचारत नाही, आणि म्हणून कुणी सांगतही नाही. पण पेसरी वापरणाऱ्या बऱ्याच बायकांना ती स्वतः काढून, साबणाने धुऊन परत घालायला शिकता येतं. मधूनमधून तपासणी मात्र लागतेच, आत कुठे घासून जखम होत नाही ना ते बघायला. आईची साखर लक्षात घेऊन त्यांनी आधी नाही म्हटलं, मग तिथल्या सिस्टरांना शिकवायला सांगितलं. सिस्टर तिच्याहून वीस वर्षांनी लहान. दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा आईने स्वतः केलं.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा बाबा तिथेच बसले होते. तिने आवाज बारीक केला नाही. "अंगाची रिंग" असं म्हणाली, चष्म्याची काडी म्हणावी तसं. मीही आता तोच शब्द वापरते. योनी लिहायला बरा आहे, इथे लिहिलाच आहे. पण आईशी बोलताना अंग. तिच्या आजीपासून चालत आलेला शब्द आहे आणि त्यात ती जागा उरलेल्या शरीरापासून तोडून वेगळी काढलेली नाही.

भारतात सरकारी कुटुंबनियोजनाच्या साधनांत माझ्यासारखी रिंग नाही. तिथे निरोध आहे, माला-एन आहे, तांबी आहे, २०१७पासून अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी आहे. रिंगसाठी थंडावा लागतो, दर महिन्याला खर्च लागतो. २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली एक रिंग वर्षभर, तेरा चक्रं चालते आणि तिला फ्रिज लागत नाही. ती कधी आपल्याकडे स्वस्तात आली तर चांगलंच. पण ती आली तरी कुणीतरी शेजारी बसून, स्वयंपाकाची कृती सांगावी तशा आवाजात, बोट कुठपर्यंत न्यायचं ते सांगावं लागेल.

आईने सुरुवात केलीय. गल्लीतल्या एका काकूंचं अंग बाहेर आलंय, सहा वर्षं झाली, त्या कुणालाच दाखवत नाहीत. आई त्यांना म्हणाली, मी येते बरोबर. काकू म्हणाल्या, लाज वाटते. आई म्हणाली, "मला पण वाटली. पंधरा मिनटं वाटली."

पुढच्या गुरुवारी दोघींची वेळ घेतलीय. सकाळी साडेदहाची.